दारची कण्हेर

आमच्या वसमतच्या घरामागे, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, परवापरवापर्यंत दोन झाडे होती. एक तांबडी कण्हेर आणि दुसरी पिवळी, जिला आमच्याकडे लहानथोर सारेच बिट्टी म्हणतात. दोन्ही आईने लावलेली. देवासाठी सकाळी ओंजळभर फुले मिळत आणि वर्षभर परसदार हिरवे राही. यापलीकडे त्या झाडांचा कधी कुणी विचार केला नव्हता.

गेल्या श्रावणात धाकट्या भावाच्या तीन वर्षांच्या मुलाने खाली पडलेली बिट्टी तोंडात घातली. सुदैवाने त्याने ती चावली नव्हती. तरीही आम्ही त्याला तडक दवाखान्यात नेले. रात्रभर डॉक्टर त्याच्या छातीचे ठोके मोजत होते आणि बाहेरच्या बाकावर बसून आम्ही आमचे मोजत होतो. सकाळी पोर हसत घरी आले. भावाने मात्र त्याच दिवशी शेजाऱ्यांकडून कुऱ्हाड मागून आणली.

"दादा, दोन्ही झाडं आजच तोडायची."

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "झाडाचा काय गुन्हा रं? लेकराला सांगितलं व्हतं का कुणी?"

या प्रश्नाला आम्हा दोघांपाशी उत्तर नव्हते. मी भावाकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. तेव्हा वनस्पतिशास्त्राचा अधिकार मला नाही. पण शाळेत मुलांना इतिहास शिकवायचा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहायच्या, या उद्योगामुळे जुने कागद चाळायची खोड लागली आहे. त्या चार दिवसांत कण्हेरीविषयी जे हाती आले, ते आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात. कोल्हापूरचे जुने नाव करवीर. संस्थान गेले तरी तालुक्याचे नाव अजून तेच आहे. परंतु या झाडाला आणखी एक नाव आहे, ते ऐकून मी दचकलो. अमरकोशात करवीराच्या नावांमध्ये 'हयमारक' असे नाव दिले आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत 'अश्वमारक' असेही आढळते. हय काय नि अश्व काय, अर्थ एकच : घोड्याला मारणारे. सुश्रुताने मुळांत विष असणाऱ्या वनस्पतींची जी यादी दिली, तिच्यात अश्वमार आहे. म्हणजे ज्यांनी हे फूल देवाच्या माथ्यावर वाहिले, त्यांनीच त्याचे विष नावात गोवून ठेवले होते. झाडाचे नाव घेतले की सावधगिरीची सूचना आपोआप मिळे.

पश्चिमेकडेही हेच. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील घरांच्या भिंतींवर बागांची चित्रे सापडली आहेत आणि त्यांत कण्हेर फुललेली आहे. त्याच उत्पातात मरण पावलेला रोमन पंडित प्लिनी आपल्या ग्रंथात लिहून गेला की, हे झाड जनावरांना विष आहे. भिंतीवर फूल आणि ग्रंथात विष! १७५३ साली लिनियसने या झाडाला 'नेरियम' हे शास्त्रीय नाव दिले. त्याचे मूळ 'ओले' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात सांगतात, कारण त्या देशांत कण्हेर ओढ्यानाल्यांच्या काठी वाढते.

ओढ्याकाठचे हे झाड आमच्या मराठवाड्याच्या उन्हात कसे टिकते? त्याचे गुपित पानात आहे. पान जाड, चामड्यासारखे. त्याची श्वासाची छिद्रे खालच्या बाजूला खोलगट खळग्यांत असतात आणि त्या खळग्यांवर बारीक लव असते. त्यामुळे ओलावा सहसा उडून जात नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आई सांगते : शेळ्यांनी बाभळीच्या साली खाल्ल्या, कुंपणे खाल्ली, पण कण्हेरीला तोंड लावले नाही. गावात हिरवे म्हणावे असे तेवढेच उरले होते. आज महामार्गांच्या मधल्या पट्ट्यात कण्हेर लावतात ती याच दोन गुणांसाठी; पाणी थोडे लागते आणि गुरे खात नाहीत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. तेथे आता वर्षानुवर्षे काही उगवणार नाही असे लोक म्हणत होते, त्या राखेतून लवकर फुललेल्या झाडांत कण्हेर होती. १९७३ मध्ये त्या शहराने तिला आपले अधिकृत फूल ठरवले.

आपल्याकडे या फुलाचा मरणाशी संबंध फार जुना आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात निरपराध चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेतात, तेव्हा त्याच्या गळ्यात करवीराची माळ असते. ज्याला मारायचे त्याला ती घालीत. रवींद्रनाथांनी मात्र 'रक्तकरबी' नाटकात हीच तांबडी कण्हेर जुलमी सत्तेपुढे न वाकणाऱ्या नंदिनीच्या हाती दिली.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मी दरवर्षी घरच्या कण्हेरीचा हार शाळेत नेतो. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. त्या लढ्यात प्राण दिलेल्या हुतात्मा बहिर्जींच्या नावाचे महाविद्यालय आमच्या वसमतला आहे. त्यांच्या तसबिरीला आम्ही तो हार घालतो. यंदा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, विषारी फुलांचा हार हुतात्म्याला कसा चालतो?" घरचा प्रसंग तिच्या कानी गेला असावा. मी तिला चारुदत्ताची गोष्ट सांगितली. राजाने ज्याला गुन्हेगार ठरवले त्याच्या गळ्यात ही माळ पडे. लोकांनी ज्याला निर्दोष मानले त्याच्या गळ्यातही आज हीच पडते. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माळ तीच, घालणारे बदलले." मला यापेक्षा बरे उत्तर सुचले नसते.

आता पिवळीविषयी. नावाने ती कण्हेर, पण तांबडीची ती सख्खी बहीण नव्हे. एकाच कुळातली दूरची नातलग. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, म्हणजे १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला त्यानंतर समुद्र ओलांडून आलेली. शूद्रकाला ती ठाऊक असणे शक्य नाही. तिचे 'थेवेशिया' हे नाव आंद्रे थेवे या फ्रेंच साधूवरून पडले. तो १५५५ साली ब्राझीलला गेला होता. आपल्या लोकांनी या परकीणीला घरात घेतले, देवाला वाहिले, मुलांनी तिच्या बियांचे खेळ मांडले. मौज अशी की, नाव देताना 'हयमारक' यासारखी सूचना तिच्या वाट्याला आली नाही. 'बिट्टी' हे खेळकर नाव ऐकून कोण सावध होणार? आणि तिचे बी तर फार घातक. दोन्ही झाडांतली विषे हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवतात. १७८५ मध्ये विदरिंग या इंग्रज डॉक्टरने डिजिटॅलिस या वनस्पतीचा औषधी उपयोग प्रसिद्ध केला. तिच्यातले द्रव्य याच जातीचे. फरक इतकाच की, तिथे मात्रा डॉक्टर ठरवतो.

चार दिवसांच्या वाचनातून मला एवढे उमगले : आमच्या घरी झाड राहिले आणि झाडाची माहिती गेली. आईला ती होती. तिने आम्हाला लहानपणी बिट्ट्या खेळू दिल्या, पण खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरी दिली नाही. आम्ही आमच्या मुलांना झाड दिले, हात धुवायचे सांगायला विसरलो.

म्हणून ज्यांना कण्हेर लावायची आहे त्यांच्यासाठी, आईकडून शिकलेले थोडे. पावसाच्या तोंडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि ओल्या मातीत खोचावी. काळ्या रानात पाणी साचते, म्हणून खड्ड्यात मुरूम नि वाळू घालून जागा थोडी उंच करावी. ऊन भरपूर हवे. मूळ धरल्यावर आठदहा दिवसांनी एकदा पाणी पुरते. फूल नव्या फुटीच्या शेंड्याला येते, तेव्हा बहर ओसरला की छाटणी करावी. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा पडतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन निघतो. पानावर कधी सोन्यासारखा चकाकणारा कोश लटकलेला दिसेल. तो फुलपाखराचा; त्याला हात लावू नये. छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत, फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नयेत. वाळल्यावरही विष जात नाही. त्या चुलीतही घालू नयेत, धूर बाधतो. आणि कुणाच्या पोटात काही गेलेच, तर घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखाना गाठावा.

रविवारी भावाने बिट्टी तोडली. मी अडवले नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताशी जिची फळे गळून पडतात, ती परसात नको, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. तांबडी कण्हेर राहिली; तिच्याभोवती भावानेच तारेची जाळी ठोकली. कुऱ्हाड परत करून आल्यावर आईने नातवाला कडेवर घेतले, जाळीपाशी नेले आणि फुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बघ, हे देवाचं. तोंडात न्हाई घालायचं."

पोराने मान हलवली आणि दोन्ही हात पुढे केले. आईने त्याला न्हाणीकडे नेले. फुलाला त्याचा हात लागलाही नव्हता, तरी तिने ते दोन्ही हात धुतले.