बापाची तोफ, मुलाचे नळकांडे
हायरम मॅक्झिमने 1884 साली मशीनगन सिद्ध केली आणि तिच्याच गडगडाटाने तो बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी याने 1909 साली रायफलीच्या नळीस लावावयाच्या आवाजरोधकाचे पेटंट मिळविले. सुटणारा वायू त्याच्या कप्प्यांत फिरून मंदावतो. ध्वनीहून वेगवान गोळीचा कडकडाट मात्र उरतोच. तरीही अमेरिकेने 1934 च्या कायद्यात बापलेकांच्या शोधांना एकाच पंक्तीस बसवून हस्तांतरावर 200 डॉलर कर लादला. उलट नॉर्वेत शिकाऱ्याला याकरिता वेगळा परवाना लागत नाही. एकाच नळकांड्याचे एका राष्ट्राला भय वाटले, दुसऱ्याला त्यात कानाचे रक्षण दिसले. आवाजरोधकावरील तो कर अमेरिकेने 2026 पासून शून्यावर आणला, नोंदणी ठेवली. भयाने केलेला कायदा सैल व्हावयास नव्वद वर्षे लागतात, हे ध्यानी ठेवावे.