मेक्सिकोतील सणांचे अन्न : देवाच्या पिठाच्या मूर्तीपासून आलेग्रियापर्यंत

परकीय आक्रमणाने एखाद्या समाजाची देवळे पडली, म्हणजे त्या देवळांशी निगडित असलेल्या अन्नाचे पुढे काय होते, हा सणांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. मेक्सिकोच्या बाबतीत त्याचे प्रचलित उत्तर असे, की स्पॅनिश विजेत्यांनी राजगिऱ्यास मूर्तिपूजेचे साधन ठरवून त्याची लागवड मोडून काढली आणि नैवेद्याचे ते धान्य नाहीसे झाले. उपलब्ध साधने पाहिली असता हे उत्तर अपुरे ठरते.

विजयपूर्व सणांची सर्वांत विस्तृत माहिती बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाच्या ग्रंथात आढळते. तो १५२९ मध्ये मेक्सिकोत आला व १५९० मध्ये तेथेच वारला. स्थानिक वृद्धांकडून नाहुआत्ल भाषेत माहिती लिहवून घेऊन त्याने सिद्ध केलेल्या १२ खंडांच्या ग्रंथाची सचित्र प्रत फ्लॉरेन्स येथे आहे. त्याचा दुसरा खंड सणांविषयी आहे. प्रत्येकी २० दिवसांचे १८ महिने आणि वर्षाचे उरलेले ५ अशुभ दिवस अशी ती कालगणना होती. प्रत्येक महिन्यास त्याचा सण होता व अनेक सणांस नेमलेले अन्न होते. इस्काल्ली महिन्यात राजगिऱ्याची भाजी भरलेले तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे उंडे कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेले खाद्य, घरोघर करीत. दर ८ वर्षांनी येणाऱ्या एका सणात तामाल मीठमिरचीवाचून खात. एरव्ही तिखटमिठाचा जाच सोसणाऱ्या मक्याला त्यामुळे विसावा मिळतो, अशी त्यामागील श्रद्धा होती.

या सर्व अन्नांत राजगिऱ्याचे स्थान निराळे होते. त्याच्या पिठात घायपाताच्या वर्गातील मागे या वनस्पतीचा पाक मिसळून जो गोळा होई, त्यास त्सोआल्ली म्हणत. त्याच्या मूर्ती घडवीत आणि पूजेनंतर त्या खात. हा विधी दोन पातळ्यांवर चाले. राजधानी तेनोच्तित्लान येथे वित्सिलोपोच्त्ली या युद्धदेवतेची मूर्ती पिठाची करून तिचा विधिपूर्वक वध होई. तिचे हृदय राजाला मिळे व देहाचे तुकडे लोकांत वाटले जात. या विधीस ‘देव खाल्ला जातो’ या अर्थाचे नाव होते. आतेमोस्त्ली महिन्यात मात्र लोक आपापल्या घरी पर्वतदेवतांच्या लहान मूर्ती करीत. भोपळ्याच्या बियांचे दात व घेवड्याच्या दाण्यांचे डोळे बसवून त्यांची पूजा करीत आणि विणकामाच्या लाकडी पट्टीने त्यांचा छेद करून त्या खात. एक विधी राज्याचा होता, दुसरा घराचा.

त्यांपैकी पहिला राज्याबरोबर संपला. मे १५२० मध्ये तोश्कात्लच्या सणात पिठाची मूर्ती सजली असतानाच पेद्रो दे आल्वारादो याच्या सैनिकांनी नाचणाऱ्या निःशस्त्र सरदारांची कत्तल केली. १३ ऑगस्ट १५२१ रोजी राजधानी पडली. धर्मोपदेशकांना या अन्नाचे भय वाटण्याचे कारणही उघड आहे. देवाचा देह म्हणून भक्षण केलेले पीठ ख्रिस्ती प्रभुभोजनाशी फार मिळतेजुळते होते. होसे दे आकोस्ता याने १५९० च्या ग्रंथात हे साम्य म्हणजे सैतानाने केलेली नक्कल होय, असे प्रतिपादिले.

दुसऱ्या विधीचा पुरावा मात्र त्याच्या शत्रूनेच जपून ठेवला आहे. आतेनांगो येथील धर्मगुरू एर्नांदो रुईस दे आलार्कोन याने १६२९ मध्ये स्थानिक ‘अंधश्रद्धां’विषयी एक प्रबंध लिहिला. लोक राजगिऱ्याच्या पहिल्या पिकातून त्सोआल्लीच्या लहान मनुष्याकृती घडवितात, घरच्या देव्हाऱ्यात त्यांपुढे मेणबत्त्या व धूप लावतात आणि दुसऱ्या दिवशी तुकडे करून त्या वाटून खातात, अशी तक्रार त्याने केली आहे. राजधानीच्या पाडावास तेव्हा १०८ वर्षे झाली होती. पीक शेतात उभे होते आणि मूर्तीपुढे ख्रिस्ती पद्धतीची मेणबत्ती आली होती. सुमारे १५४१ च्या मेंदोसा चित्रपोथीत मक्याबरोबर खंडणीत कोठारे भरून येणारा राजगिरा पुढे मागे पडला हे खरे. परंतु खंडणीची जुनी व्यवस्था मोडणे आणि १५४५ व १५७६ च्या साथींनी शेतकरी समाज ओस पडणे, ही कारणेही धार्मिक विरोधाबरोबर विचारात घेतली पाहिजेत.

सातत्याचा शोध घेताना तिथींच्या साम्यावर मात्र विसंबता येत नाही. आज ६ जानेवारीच्या ‘तीन राजां’च्या सणात गोल गोड पावात बाळाची बाहुली दडवितात. ती ज्याच्या वाट्यास येते, त्याने २ फेब्रुवारीस इतरांना तामाल खाऊ घालावयाचे असतात. साआगूननेही जुन्या वर्षाचा आरंभ २ फेब्रुवारीस दिला आहे. तथापि १५८२ च्या पंचांगसुधारणेत १० दिवस गळाले असल्याने ते दोन दिवस एक नव्हेत. शिवाय पाव व बाहुली युरोपातून आली. तामाल तेवढे जुने आहेत.

राजगिऱ्याच्या लाह्या मधात वा गुळासारख्या काकवीत थापून केलेली वडी मेक्सिकोत आलेग्रिया, म्हणजे ‘आनंद’, या नावाने विकली जाते. राजधानीच्या दक्षिणेस सांतियागो तुल्येवाल्को हे तिचे प्रसिद्ध गाव आहे. नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या सणात त्याच लाह्यांच्या कवट्या मांडतात व नंतर खातात. महाराष्ट्रीय वाचकास ही वडी परकी वाटणार नाही. येथे दाण्यासाठी पिकविल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या जाती मूळच्या अमेरिका खंडातीलच होत, आणि एकादशी वा महाशिवरात्रीस चालणारा राजगिऱ्याचा लाडू आलेग्रियाचा जणू सख्खा भाऊ आहे. धान्य समुद्र ओलांडून आले, पण त्याचा मेक्सिकोतील धार्मिक अर्थ बरोबर आला नाही. तेथे ते देवाचे शरीर होते, येथे उपवासाचा फराळ झाले.

मेक्सिकोत देऊळ, पुरोहित व राजा यांच्या आधाराने उभा असलेला विधी एका पिढीत कोसळला. पाटा, चूल व पहिले पीक यांवर उभा असलेला विधी शतकाहून अधिक काळ टिकला, आणि त्यातील अन्न आजही सणाच्या दिवशी हातात येते. तेव्हा सणांचा इतिहास लिहिताना राज्याच्या उत्सवांची नोंद जितक्या काळजीने घेतली जाते, तितक्याच काळजीने स्वयंपाकघराचीही घेतली गेली पाहिजे.