आयआरसी आज्ञा

आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) आज्ञा म्हणजे आंतरजालावरील सामूहिक गप्पांसाठी क्लायंट व सर्व्हर यांनी परस्परांना पाठवावयाच्या मजकूररूप सूचना होत. ही प्रणाली यार्क्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात तयार केली. तिचे नियम मे १९९३ मध्ये 'आरएफसी १४५९' या दस्तऐवजात नोंदवले गेले.

प्रमुख आज्ञा

'निक' या आज्ञेने टोपणनाव घेतले जाते, 'जॉइन'ने वाहिनीत प्रवेश होतो, 'पार्ट'ने वाहिनी सोडता येते आणि 'प्रिव्हमेसेज'ने संदेश धाडला जातो. 'किक'ने वाहिनीचालक एखाद्या सदस्याला बाहेर काढतो. जोडणी जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी सर्व्हर 'पिंग' पाठवतो. क्लायंटने 'पाँग' असे उत्तर न दिल्यास जोडणी तोडली जाते. सर्व्हरची अनेक उत्तरे तीन अंकी असतात. उदाहरणार्थ, ४३३ म्हणजे टोपणनाव आधीच वापरात आहे.

मराठी लेखनावरील मर्यादा

मूळ नियमांनुसार टोपणनावात देवनागरी अक्षरे चालत नाहीत. संदेशात मात्र चालतात. तथापि आज्ञा, वाहिनीचे नाव व शेवटची दोन नियंत्रणचिन्हे धरून संपूर्ण ओळ ५१२ बाइटांत बसावी लागते. 'जालना' हे नाव रोमन लिपीत ५ बाइट घेते, तर यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीत १५. कारण प्रत्येक अक्षर व काना ३ बाइट व्यापतो. त्यामुळे एका संदेशात १७० पेक्षाही कमी देवनागरी चिन्हे मावतात आणि लांब मराठी वाक्य तुकड्यांत पाठवावे लागते.