छत्तीसगडमधील निवृत्तिवेतनाचा वाद : आश्वासन, अडकलेला निधी आणि निवडणूक

रायपूर : छत्तीसगडचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी ९ मार्च २०२२ रोजी विधानसभेत अर्थसंकल्प सादर करताना शासकीय कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा लागू करण्याची घोषणा केली. त्या दिवशी अर्थसंकल्पाची कागदपत्रे गाईच्या शेणापासून बनवलेल्या पेटीतून आणली गेली आणि देशभरातील वृत्तपत्रांत त्या पेटीचीच छायाचित्रे झळकली. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने मात्र महत्त्व होते ते निवृत्तिवेतनाच्या घोषणेला. या घोषणेतून पुढे एक आर्थिक प्रश्न उभा राहिला. सतरा वर्षांहून अधिक काळ कर्मचारी आणि शासन यांनी मिळून नव्या योजनेत भरलेली रक्कम कोणाची, ती कोण परत देणार आणि ती परत न मिळाल्यास भरपाई कोणाच्या खिशातून होणार, हा तो प्रश्न होय. निवडणुकीच्या प्रचारात त्याचे उत्तर दोन शब्दांत दिले गेले. प्रत्यक्ष व्यवहारात ते अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही.

दोन योजनांमधील फरक

जुन्या योजनेत कर्मचाऱ्याला पूर्ण सेवेनंतर अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम निवृत्तिवेतन म्हणून मिळते व महागाईनुसार त्यात वाढ होत राहते. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या वेतनातून वेगळे अंशदान कापले जात नाही. सारा खर्च त्या त्या वर्षीच्या शासकीय तिजोरीतून होतो.

केंद्र शासनाने १ जानेवारी २००४ पासून, सशस्त्र दले वगळता, नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू केली. बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. पश्चिम बंगालने स्वीकारली नाही. या प्रणालीत कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम भरतो आणि शासनही आपला हिस्सा घालते. केंद्राने आपला हिस्सा २०१९ मध्ये १० वरून १४ टक्क्यांवर नेला. ही रक्कम कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर जमा होऊन रोखे व समभागांत गुंतवली जाते. निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी काढता येते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. तीच दरमहा निवृत्तिवेतन म्हणून हाती येते.

फरक समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. अखेरचे मूळ वेतन ६० हजार रुपये असलेल्या कर्मचाऱ्याला जुन्या योजनेत दरमहा ३० हजार रुपये व त्यावर महागाई वाढ मिळेल. नव्या योजनेत त्याच्या खात्यात ४० लाख रुपये साठले असे मानले, तर त्यातील १६ लाखांच्या वार्षिकीतून वार्षिक ६ टक्के दराने दरमहा ८ हजार रुपये मिळतील. उरलेले २४ लाख रुपये त्याच्या हाती एकदम येतील हे खरे. पण दरमहाच्या रकमेत महागाईनुसार वाढ होणार नाही. कर्मचारी संघटनांच्या आंदोलनाचे मूळ या तफावतीत आहे.

१७ हजार २४० कोटी रुपयांचा प्रश्न

छत्तीसगडमध्ये नवी योजना १ नोव्हेंबर २००४ पासून लागू झाली होती. बघेल शासनाने एप्रिल २०२२ पासून वेतनातील १० टक्के कपात बंद केली आणि त्याऐवजी सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतनाच्या किमान १२ टक्के कपात सुरू केली. त्यानंतर आधी जमा झालेल्या रकमेची मागणी पुढे आली. राज्य शासनाच्या म्हणण्यानुसार ३१ मार्च २०२२ पर्यंत कर्मचारी व शासन यांचे मिळून ११ हजार ८५० कोटी रुपये जमा झाले होते आणि बाजारमूल्याने ती रक्कम सुमारे १७ हजार २४० कोटी रुपये झाली होती. ही रक्कम परत मिळावी, अशी मागणी राज्याने मे २०२२ मध्ये निवृत्तिवेतन निधी नियामक व विकास प्राधिकरणाकडे केली. प्राधिकरणाने ती अमान्य केली.

केंद्राची भूमिका डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत अधिक स्पष्ट झाली. अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी लेखी उत्तरात सांगितले की, जमा अंशदान राज्य शासनाला परत करण्याची तरतूद कायद्यात नाही. पैसा राज्याच्या खात्यात नसून कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात आहे व तो नियमांत दिलेल्या कारणांसाठीच बाहेर काढता येतो, हा या भूमिकेचा आधार. राज्याचे म्हणणे वेगळे होते. निवृत्तिवेतनाचे संपूर्ण दायित्व राज्य उचलणार असेल, तर त्याच कारणासाठी भरलेला राज्याचा हिस्सा अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे, असा युक्तिवाद बघेल यांनी केला. राजस्थान आणि झारखंड या राज्यांपुढेही हाच पेच होता.

पर्याय आणि त्याची किंमत

केंद्राच्या नकारानंतर ३० डिसेंबर २०२२ रोजी छत्तीसगड मंत्रिमंडळाने मधला मार्ग काढला. नोव्हेंबर २००४ ते मार्च २०२२ या काळात नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्याने जुन्या योजनेत यायचे की नव्या योजनेत राहायचे, हे शपथपत्राद्वारे कळवायचे होते. जुनी योजना निवडणाऱ्याला स्वतःचे अंशदान व त्यावरील लाभ नव्या योजनेच्या नियमांनुसार मिळणार होता. शासनाने भरलेला हिस्सा आणि त्यावरील लाभ मात्र राज्याच्या तिजोरीत जमा करावा लागणार होता. एप्रिल २०२२ नंतर रुजू होणाऱ्यांसाठी जुनी योजना अनिवार्य ठरवण्यात आली.

केंद्राकडून न मिळालेली रक्कम राज्याने अशा रीतीने कर्मचाऱ्यामार्फत वसूल करण्याची व्यवस्था केली. निवृत्तीला बराच अवधी असलेल्या कर्मचाऱ्याला हा व्यवहार लाभाचा वाटला. निवृत्ती जवळ आलेल्यांना आणि सेवाकाळ कमी भरलेल्यांना मात्र बारकाईने हिशेब करावा लागला.

शिक्षाकर्मींची अडचण

हा हिशेब सर्वाधिक कठीण ठरला तो पूर्वी शिक्षाकर्मी असलेल्या शिक्षकांसाठी. पंचायती व नगरीय संस्थांमार्फत नियुक्त झालेल्या या शिक्षकांना शासकीय सेवेत सामावून घेण्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री रमण सिंह यांनी २०१८ च्या विधानसभा निवडणुकीआधी काही महिने केली. १ जुलै २०१८ पासून टप्प्याटप्प्याने त्यांचे शालेय शिक्षण विभागात विलीनीकरण झाले. वर्षअखेरीस झालेल्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाची सत्ता गेली व ९० पैकी ६८ जागा जिंकून काँग्रेस सत्तेवर आली.

विलीनीकरणामुळे नियमित वेतन मिळाले; पण निवृत्तिवेतनासाठीची सेवा विलीनीकरणाच्या दिवसापासून मोजली जाऊ लागली. राज्याच्या नियमांनुसार निवृत्तिवेतनास पात्र होण्यासाठी किमान १० वर्षांची आणि पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३३ वर्षांची सेवा लागते. त्यामुळे १९९८ मध्ये शाळेत रुजू झालेला शिक्षक २०२८ च्या मध्यावर निवृत्त झाला, तर तीस वर्षे शिकवूनही त्याची सेवा दहा वर्षांचीच धरली जाईल. मूळ वेतन ६० हजार रुपये मानल्यास तीस वर्षांच्या सेवेवर त्याला दरमहा सुमारे २७ हजार २७० रुपये मिळाले असते. दहा वर्षांच्या सेवेवर ती रक्कम सुमारे ९ हजार ९० रुपये होते. २०२८ पूर्वी निवृत्त होणारा तर पात्रतेच्याच बाहेर राहतो. पहिल्या नियुक्तीपासूनची सेवा गृहीत धरावी व पूर्ण निवृत्तिवेतनाची अट शिथिल करावी, या मागण्या शिक्षक संघटना सातत्याने मांडत आहेत.

मतपेटीतील उत्तर

हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत काँग्रेसने जुन्या योजनेचे आश्वासन प्रचाराच्या अग्रभागी ठेवले होते. ६८ पैकी ४० जागा मिळाल्यावर सुखविंदरसिंह सुक्खू यांच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मधील पहिल्याच बैठकीत निर्णय घेतला. त्यामुळे हा मुद्दा सत्ता मिळवून देतो, असा समज पसरला.

छत्तीसगडच्या निकालाने तो समज टिकू दिला नाही. ७ व १७ नोव्हेंबर २०२३ रोजी दोन टप्प्यांत मतदान झाले. काँग्रेसने जुन्या योजनेची अंमलबजावणी आपल्या कामगिरीत मोजली. भारतीय जनता पक्षाच्या प्रचाराचा भर ३ हजार १०० रुपये क्विंटल दराने धानखरेदी आणि विवाहित महिलांना वर्षाला १२ हजार रुपये देण्यावर होता. ३ डिसेंबरला निकाल लागला तेव्हा भारतीय जनता पक्षाला ५४ व काँग्रेसला ३५ जागा मिळाल्या. राजस्थानातही जुनी योजना आणणाऱ्या अशोक गेहलोत यांच्या शासनाचा त्याच दिवशी पराभव झाला. शेतकरी, महिला, आदिवासी पट्टा, भ्रष्टाचाराचे आरोप असे अनेक विषय या निवडणुकांत होते. केवळ निवृत्तिवेतनावरून निकालाचा अर्थ लावणे म्हणूनच योग्य ठरणार नाही.

महाराष्ट्रातील तारखेचा वाद

राजनांदगाव ओलांडून गोंदिया जिल्ह्यात शिरले की हाच प्रश्न एका वर्षाने पुढे सरकतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी योजना नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुन्या योजनेमुळे १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडेल, असे सांगून ती लागू करण्यास नकार दिला. पुढच्याच महिन्यात शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या प्रचारात, शासन याबाबत नकारात्मक नसल्याचे त्यांनी सांगितले. नागपूर शिक्षक मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा असलेले विद्यमान आमदार नागो गाणार पराभूत झाले व महाविकास आघाडीचे सुधाकर अडबाले निवडून आले.

१४ मार्च २०२३ पासून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. समितीच्या अभ्यासाचे आश्वासन मिळाल्यानंतर २० मार्चला तो मागे घेण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने, नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीनुसार निवड होऊनही नंतर रुजू झालेल्या सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला.

केंद्राची एकीकृत योजना

राज्यांतील या घडामोडींची दखल केंद्रालाही घ्यावी लागली. टी. व्ही. सोमनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अभ्यासानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांतील सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, किमान दहा वर्षांच्या सेवेवर दरमहा १० हजार रुपये आणि महागाईनुसार वाढ, अशी हमी तीत आहे. कर्मचाऱ्याचे १० टक्के अंशदान कायम राहते, तर शासनाचा हिस्सा साडेअठरा टक्के होतो. केंद्राच्या निर्णयानंतर दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ही योजना स्वीकारली.

ब्रिटनमधील समांतर अनुभव

ब्रिटनमध्ये १९९५ च्या कायद्याने महिलांचे शासकीय निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करण्याचे ठरले. २०११ च्या कायद्याने हा वेग वाढवला. १९५० च्या दशकात जन्मलेल्या लाखो महिलांनी, या बदलाची सूचना वेळेत मिळाली नाही, अशी तक्रार केली. मजूर पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत त्यांच्यासाठी ५ हजार ८०० कोटी पौंडांच्या भरपाईचे आश्वासन दिले आणि निवडणूक गमावली. मार्च २०२४ मध्ये संसदीय लोकपालांनी प्रत्येकी १ हजार ते २ हजार ९५० पौंड भरपाईची शिफारस केली. जुलैमध्ये मजूर पक्ष सत्तेत आला व १७ डिसेंबर २०२४ रोजी मंत्री लिझ केंडल यांनी भरपाई देण्यास नकार दिला. विरोधात असताना या महिलांच्या पाठीशी उभे राहिलेल्या नेत्यांवर त्यामुळे मोठी टीका झाली आणि वाद पुढेही सुरू राहिला.

सद्यस्थिती

छत्तीसगडमध्ये सत्तांतरानंतर विष्णुदेव साय यांच्या शासनाने आधीच्या कर्मचाऱ्यांची जुनी योजना मोडीत काढली नाही. भविष्यातील दायित्वासाठी मात्र स्वतंत्र निवृत्तिवेतन निधी उभारण्याचा मार्ग धरला व त्यासाठीचे विधेयक जुलै २०२५ मध्ये विधानसभेत मंजूर झाले. ऑगस्ट २०२५ पासून नव्याने नियुक्त होणाऱ्यांना राष्ट्रीय प्रणाली किंवा एकीकृत योजना यांतून निवड करावी लागते. परिणामी, एकाच कार्यालयात शेजारी बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन त्यांच्या नियुक्तीच्या तारखेवर आणि त्यांनी दिलेल्या शपथपत्रावर ठरते.

निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्यातील निकालात स्पष्ट केले होते. दुसरीकडे, जुन्या योजनेकडे परतल्याने राज्यांवर निधीचे पाठबळ नसलेले दायित्व साचत जाईल, असा इशारा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मधील राज्यांच्या अर्थव्यवस्थेवरील अहवालात दिला. २००४ नंतर भरती झालेल्यांच्या निवृत्तीचा मुख्य काळ अजून यायचा आहे. त्यांचे निवृत्तिवेतन आश्वासन देणाऱ्या शासनाला नव्हे, तर पुढच्या तीन-चार निवडणुकांनंतर रायपुरात सत्तेवर असणाऱ्या शासनाला द्यावे लागणार आहे.