आर्गसी शून्य असेल तर?

माझ्या पीएचडीच्या कामात सी भाषेत लिहिलेलं एक सिम्युलेशन आहे. सुरुवातीला तापमान, कणांची संख्या, पायऱ्यांची संख्या सगळं मी प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवायचे. तापमान बदलायचं तर फाइल उघडा, आकडा बदला, पुन्हा कंपाइल करा. मग कमांड लाइन आर्ग्युमेंट वापरायला शिकले. प्रोग्रामच्या नावापुढे आकडे टाइप करायचे, बस्स. एका रात्री घाईत शेवटचा आकडा द्यायचा राहिला. सकाळी बघते तर प्रोग्राम पहिल्याच सेकंदाला सेगमेंटेशन फॉल्ट देऊन आडवा. वैतागले, पण खरं तर मी वाचले होते. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९७१ साली बेल लॅब्समध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, तेव्हा सी भाषा अजून घडत होती. पण आर्ग्युमेंट देण्याची रीत तेव्हाही होती. 'एक्झेक' ही सिस्टिम कॉल नवा प्रोग्राम सुरू करताना स्टॅकवर आधी आर्ग्युमेंटची संख्या ठेवायची आणि मग प्रत्येकाचा पत्ता. पुढे सी प्रोग्रामच्या 'मेन' फंक्शनला हेच दोन रूपांत मिळालं: मोजणी म्हणजे आर्गसी, पत्त्यांची यादी म्हणजे आर्गव्ही. यादीत शून्याव्या जागी प्रोग्रामचं स्वतःचं नाव, म्हणून आपले आकडे १ पासून सुरू होतात. १९७८ मध्ये कर्निघन आणि रिची यांचं सी वरचं पुस्तक आलं. दिलेले शब्द जसेच्या तसे छापणारा 'एको' हा छोटा प्रोग्राम त्यात होता, आणि हीच रीत जगभर गेली.

आता गंमत बघा. यादी संपली हे कसं ओळखायचं? १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत यादीच्या शेवटी उणे १ असायचा. त्यामुळे मिळालेली यादी तशीच पुढच्या प्रोग्रामला देता येत नसे, कारण तिथे शेवटी शून्य लागायचं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तिथे शून्य आलं. १९८९ च्या मानकाने त्यावर शिक्का मारला: आर्गव्ही[आर्गसी] हा शून्य पॉइंटरच असेल. माझा राहिलेला आकडा नेमका त्या जागेवरचा होता. प्रोग्रामने शून्य पत्ता वाचायला घेतला आणि लगेच कोसळला. तिथे भलताच पत्ता असता तर कदाचित रात्रभर चुकीच्या तापमानाला गणित चालू राहिलं असतं आणि तो आलेख मी प्रबंधात घातला असता.

पण त्याच मानकात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. आर्गसी ऋण नसेल, एवढंच ते सांगतं. म्हणजे शून्य चालेल! शेलमधून प्रोग्राम चालवला की नाव असतंच, आर्गसी किमान १ असतो. पण एक्झेकला थेट रिकामी यादी दिली तर?

याची किंमत २०२२ मध्ये कळली. बहुतेक लिनक्स वितरणांत 'पीकेएक्सेक' नावाचा प्रोग्राम असतो. तो रूटच्या अधिकाराने चालतो. त्यातलं लूप अर्थातच १ पासून मोजत होतं. आर्गसी शून्य असला की लूप एकदाही फिरायचं नाही, पण मोजणारा आकडा १ वरच राहायचा आणि पुढचा कोड आर्गव्ही[१] वाचायचा. लिनक्समध्ये आर्ग्युमेंटच्या यादीला लागूनच पर्यावरण चलांची यादी असते. म्हणजे वाचलं जायचं ते पहिलं पर्यावरण चल, आणि पुढे त्याच जागी लिहिलंही जायचं. अशा अधिकारी प्रोग्रामसाठी धोकादायक चलं सुरुवातीलाच काढून टाकलेली असतात. या वाटेने ती परत घुसवता येत होती. परिणाम: यंत्रावरचा कुठलाही साधा वापरकर्ता पासवर्डशिवाय रूट होऊ शकत होता. क्वालिस या कंपनीने जानेवारीत हे जाहीर केलं. चूक मात्र मे २००९ पासूनची, पीकेएक्सेकच्या पहिल्या आवृत्तीपासूनची!

ओपनबीएसडी रिकामी यादी आधीपासूनच नाकारत होती. लिनक्सला सरळ नकार देणं अवघड होतं, कारण काही जुने प्रोग्राम तशी यादी देत होते. म्हणून त्याच वर्षीच्या ५.१८ कर्नेलपासून रिकाम्या यादीत एक रिकामा शब्द घातला जातो, म्हणजे आर्गसी निदान १ होतो.

या सगळ्यानंतर मी माझ्या प्रोग्राममध्ये तीन गोष्टी केल्या. पहिल्याच ओळीत आर्गसी तपासते. हवा तेवढा नसेल तर वापरायची पद्धत छापून बाहेर. आकडे वाचायला 'एटूएफ' ऐवजी 'स्ट्रटूडी' वापरते, कारण पहिलं फंक्शन अक्षरं दिली तरी गुपचूप शून्य देतं, दुसऱ्यात वाचन कुठे थांबलं ते कळतं. आणि मिळालेली सगळी आर्ग्युमेंट निकालाच्या फाइलमध्ये सर्वात वर लिहून ठेवते. सहा महिन्यांनी गाईडनी विचारलं, हा आलेख कुठल्या तापमानाचा, तर उत्तर फाइलमध्येच हवं.