बकेट अडली? आधी पंप खोलू नका

इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टी.ई. २० हे ट्रॅक्टर पाच लाखांवर तयार झाले. पुढे शेणखत भरायचा लोडर जोडला, की बकेट उचलायचे काम ट्रॅक्टरच्याच तेलपंपावर पडे. हा पंप पी.टी.ओ. शाफ्टवर फिरे. त्यामुळे गिअर बदलायला क्लच दाबला, की पंपही थांबायचा आणि भरलेली बकेट मध्येच अडायची. १९५६ साली एफ.ई. ३५ आला. त्याच्या काही मॉडेलांत दुहेरी क्लच होता. तो अर्धा दाबला, की ट्रॅक्टर थांबे, पण पंप फिरत राही. १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली आणि याच घराण्यातले मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या देशात बनू लागले.

तेव्हा टी.ई. २० सारखा जुना ट्रॅक्टर हाती आला, तर आधी पी.टी.ओ.चा दांडा लागला आहे का, हे पाहा. मग तेल बघा. बकेट आपोआप खाली येत असेल, तर सिलिंडरचे सील नाहीतर व्हॉल्व्ह गळत असतो. तपासण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा. उचललेल्या बकेटखाली कधीही जाऊ नका. ती नुसत्या तेलाच्या दाबावर उभी असते.