संशोधकांच्या सह्यांची कागदपत्रे : संग्रह व पारख

नवे यंत्र, पदार्थ किंवा पद्धती शोधून काढणाऱ्या व्यक्तीने स्वहस्ते सही केलेली पत्रे, आराखडे, पेटंटचे अर्ज, करारनामे, समभागपत्रे, धनादेश व प्रयोगवह्या मिळवणे, पारखणे आणि जपणे म्हणजे हा संग्रह. सहीच्या सुट्या कात्रणापेक्षा मजकुरासह अखंड कागदाला अभ्यासक अधिक मोल देतात. कोणी, काय, केव्हा आणि कोणाच्या पैशावर घडवले, याची साक्ष अखंड कागदच देऊ शकतो.

जागतिक परंपरा : अमेरिकेत या संग्रहाला मोठी बाजारपेठ आहे. टॉमस एडिसन यांच्या नावावर 1,093 अमेरिकी पेटंटे आहेत. त्यांच्या सहीतील ‘टी’ची आडवी रेघ साऱ्या नावावर छत्रीसारखी पसरते, त्यामुळे ती सही चटकन ओळखू येते. राइट बंधूंपैकी विल्बर 1912 मध्ये वारले, तर ऑर्व्हिल 1948 पर्यंत जगले. म्हणून विल्बर यांची सही कितीतरी दुर्मीळ आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची 10 मार्च 1876 ची दूरध्वनीच्या प्रयोगाची नोंदवही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. असे मोलाचे कागद सार्वजनिक संस्थेत असले, तर कोणत्याही अभ्यासकाला ते पाहता येतात.

शंकर आबाजी भिसे : मराठी संदर्भात या विषयाचा मानबिंदू म्हणजे मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (1867–1935). मुद्रणाचे खिळे वेगाने ओतणाऱ्या ‘भिसोटाइप’ यंत्रामुळे ते गाजले आणि ‘भारताचे एडिसन’ म्हणून ओळखले गेले. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींचे पाठबळ लाभले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटांनी भांडवल पुरवले आणि 1910 मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट स्थापन झाली. भिसे नंतर अमेरिकेत स्थायिक झाले. 1930 मध्ये त्यांची एडिसन यांच्याशी भेट झाली. त्यांची कहाणी अशी तीन देशांत विखुरलेली असल्याने अभ्यासकाला संशोधकाच्या घरापेक्षा त्याच्या आश्रयदात्यांच्या दप्तरांत अधिक हाती लागते. दादाभाईंचा कागदसंग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पत्र लिहिणाऱ्याकडे मसुदा उरतो आणि सहीचे पत्र ज्याला धाडले त्याच्याकडे राहते, हे संग्राहकाने कायम ध्यानात ठेवावे.

कागद नसला की काय होते, हे शिवकर बापूजी तळपदे यांच्या बाबतीत दिसते. 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याचे सांगितले जाते, पण त्याला दुजोरा देणारा सहीचा आराखडा किंवा पेटंट पुढे आलेले नाही. भिसे यांचे काम मात्र पेटंटांच्या आधारे आजही तपासता येते.

नागपूर : पेटंटच्या कागदपत्रांच्या दृष्टीने नागपूरचे स्थान देशात वेगळे आहे. विविध देशांची पेटंट विनिर्देशपत्रे जमवून शोधसेवा देण्यासाठी 1980 मध्ये येथे पेटंट माहिती प्रणाली सुरू झाली. पुढे ती सिव्हिल लाइन्समधील राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेचा भाग बनली. येथील संग्रह मुख्यतः प्रकाशित प्रतींचा, म्हणजे माहितीचा आहे. तो सह्यांचा संग्रह नव्हे. तरी सहीचा कागद खरा आहे का, हे ताडून पाहायला अशाच संग्रहाचा आधार लागतो. अर्जाचा क्रमांक, तारीख, आराखडा आणि साक्षीदारांची नावे प्रकाशित प्रतीशी जुळायला हवीत. जुन्या मध्य प्रांताच्या सरकारी दप्तरांसाठी राज्याच्या अभिलेखागाराची नागपूर शाखा आहे.

पारख : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पेटंटांच्या छापील चित्रांवर संशोधक व साक्षीदारांच्या सह्या दिसतात. त्या शिळाछापाच्या असतात, तरी नवखा खरेदीदार त्यांना मूळ सही समजतो. भिंगाखाली फरक कळतो. टाकाच्या सहीत दाब पडतो तेथे रेघ रुंदावते, वळणावर शाई साचते, रेघांच्या छेदात गडद ठिपका उमटतो आणि टोकाने कागदाचे तंतू खरवडलेले दिसतात. छापील सहीत शाई सर्वत्र सारखी असते. लोहयुक्त शाई काळाबरोबर तपकिरी होते. चिटणीसाने केलेली सही, रबरी शिक्का आणि सही करणारे यंत्र यांपासूनही सावध राहावे लागते. मराठी कागदांत सही मोडीत असू शकते, त्यामुळे मोडी वाचता येणे हा पारखीचाच भाग ठरतो. कागद कोणाकडून कोणाकडे आला, ही मालकीची साखळी लेखी असावी. ती नसेल तर सुंदर सहीवरही विश्वास ठेवू नये.

जतन : नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि घरोघरी वाळ्याचे कूलर लागतात. कोरड्या झळांनी कागद ठिसूळ होतो, तर कूलरच्या दमट हवेने त्यावर बुरशी धरते. म्हणून संग्रह कूलरच्या खोलीत ठेवू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, अंधारात, सपाट ठेवणे उत्तम. चिकटपट्टी व लॅमिनेशन वर्ज्य आहेत. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात.

कायदा : पुरावशेष व कला-निधी अधिनियम, 1972 नुसार वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक मोलाचा किमान 75 वर्षे जुना दस्तऐवज पुरावशेष ठरतो. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. कागदाची मालकी मिळाली म्हणून मजकुराचा प्रताधिकार मिळत नाही. लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनासाठी भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो.

सद्यःस्थिती : पेटंटचे अर्ज आता डिजिटल सहीने ऑनलाइन दाखल होतात. त्यामुळे शाईची सही उरते ती प्रयोगवहीत. पाण्यातील फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा’ पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. अशा कामांच्या तारीखवार, साक्षीदारांसह सही केलेल्या वह्या उद्याचे ऐतिहासिक दस्तऐवज आहेत. निवृत्त शास्त्रज्ञांच्या व कारखानदारांच्या घरचे असे कागद रद्दीत जाण्याआधी त्यांची यादी करून ते अभिलेखागाराकडे सोपवणे, हे या छंदाचे सर्वांत मोलाचे सार्वजनिक कार्य आहे.